हिल्के मास्तर शीड आखडत नाहीत

हिल्के मास्तरांनी आमच्या भागातल्या निम्म्या लोकांना गाडी चालवायला शिकवली. उरलेल्या निम्म्यांना त्यांनी परीक्षेला बसण्याच्या लायकीचंच समजलं नाही. त्यांच्या शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या, आणि झिजायचा तो मास्तरांचा. लांबवर सायकलवाला दिसला, दाबला. रस्त्याच्या कडेला एखादं बदक पलीकडे जावं की नाही अशा विचारात उभं दिसलं, दाबला. मीही त्यांचाच विद्यार्थी. माझं कपाळ समोरच्या काचेवर जाऊन थांबलं की ते शांतपणे म्हणायचे, "येल्मर, धोका दिसल्यावर वेग आवरायचा नसतो. दिसेल असं वाटलं की आवरायचा."

असा हा माणूस निवृत्त झाला, त्यानं शिडाची एक बोट घेतली आणि आवरणे या क्रियापदाशी जन्माचं वैर धरलं.

हिंडेलोपनच्या बंदराची देखरेख माझ्याकडे आहे. कोण कधी बाहेर पडलं, कोण कशा अवस्थेत परत आलं, हे बघणं माझं काम, आणि खरं सांगायचं तर करमणूकही. मास्तरांची बोट बाहेर पडताना बघायला मी कॉफीचा कप घेऊन दारात उभा राहायचो. बोटीचं नाव 'फोआरूत'. आमच्या फ्रीजियन बोलीत 'पुढे'. मागे, बाजूला किंवा हळू या अर्थाचा शब्द त्या बोटीवर वर्ज्य होता.

वारा वाढला की शीड आखडावं लागतं, एवढी साधी गोष्ट आहे. मोठं शीड थोडं खाली उतरवायचं, खालच्या पट्ट्याची घडी घालायची आणि ती आडव्या दांड्याला बांधून टाकायची. ही झाली पहिली घडी. वारा आणखी वाढला तर दुसरी. मग बोट सरळ राहते, सुकाणू हाताला हलकं लागतं आणि प्यायलेली कॉफी पोटातच राहते. गंमत म्हणजे वेग फारसा कमी होत नाही, कारण कुशीवर कलंडलेली बोट पुढे कमी जाते आणि आडवीच जास्त रेटली जाते. हे मला कुणी शिकवलं? हिल्के मास्तरांनीच. हिवाळ्यात क्लबात त्यांचा वर्ग असायचा. फळ्यावर ते बोट काढायचे, खडूनं वारा काढायचे, आणि डोळे मिटून सांगायचे, "घडी कधी घालायची? घडी घालावी का, असा विचार मनात पहिल्यांदा येतो ना, तेव्हा. दुसऱ्यांदा येईल तेव्हा उशीर झालेला असतो." माणसं माना डोलवायची.

आता इतका पक्का नियम स्वतःच सांगितल्यावर माणसानं पाळायला नको? मास्तर पाळायचे, अगदी काटेकोरपणे. त्यांनी फक्त विचार मनात येणंच बंद केलं होतं.

एकदा त्यांची बायको बाउक्ये ओलीचिंब होऊन माझ्या खोलीत शेकायला आली होती. मागोमाग मास्तर. मी विचारलं, "मास्तर, एवढ्या वाऱ्यात पूर्ण शीड?"

"माझ्या मनात घडीचा विचारच आला नाही," मास्तर म्हणाले.

"माझ्या आला होता," बाउक्ये म्हणाली. "धक्का सोडायच्या आधी आला होता. नंतर तुला पाच वेळा सांगितलासुद्धा."

"नियम कप्तानाच्या मनाचा आहे, बाउक्ये."

"मग कप्तानाला मन असायला हवं!"

ही बाउक्ये चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. घाबरट बाई नव्हे. पण बोटीवर बसली की तिचा उजवा पाय फळीवर घट्ट दाबलेला असायचा, मास्तरांचा गाडीत असायचा तसा. फरक एवढाच की तिच्या पायाखाली काही नव्हतं.

मास्तर एकटेच असते तर प्रकरण एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या शेजारच्या जागेत लोल्केची बोट बांधलेली असायची. लोल्के गोठेवाला. गाई विकल्या आणि मास्तरांच्या बोटीपेक्षा हातभर लांब बोट घेतली. हातभरच का, हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण विकत घेण्याआधी एका संध्याकाळी तो टेप घेऊन 'फोआरूत'च्या आसपास फिरताना मी पाहिला होता. तेव्हापासून पाण्यावर दोघांचं लक्ष वाऱ्याकडे नसायचं. मास्तर लोल्केच्या शिडाकडे बघायचे, लोल्के मास्तरांच्या. त्यानं घडी घातली नाही, मग मी का घालू? क्लबात म्हणायचे, लोल्केला घडी घालायला लावणारा वारा अजून जन्मायचाय, त्याला मास्तरांची परवानगी लागते. आणि उलट.

लोल्केची बायको चित्स्के. ती बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. या दोघांच्या शर्यतीत दोन्ही बायका आपापल्या बोटीत आडव्या होऊन म्हाताऱ्या झाल्या, असं ती सांगायची.

सप्टेंबरात क्लबाची सहल सरोवरापलीकडे मेडेमब्लिकला निघाली. मी बंदरातच राहिलो, तिकडचं मला चित्स्केनं सांगितलं. जाताना वारा समोरून, नैर्ऋत्येचा, चांगला जोरकस. आमच्या सरोवराचं पाणी उथळ. लाटा लांबरुंद येत नाहीत, आखूड आणि चिडक्या येतात, एकीचं आटोपायच्या आत दुसरी थोबाडीत. सगळ्या बोटींनी एकेक घडी घातली. दोन बोटी सोडून. या दोन बोटी पूर्ण शिडांनिशी, एका कडेनं पाणी भरत, सुकाणूशी कुस्ती खेळत, वाकड्यातिकड्या निघाल्या. घड्या घातलेले लोक मेडेमब्लिकला पोचले, कपडे बदलून तळलेले मासे खायला बसले, तेव्हा हे दोघे धापा टाकत आत शिरले. शेवटच्या नंबरासाठी त्यांची चुरस चालली होती. लोल्के बोटभर अंतरानं जिंकला आणि रात्री बेरेनबर्गच्या कडू दारूचा पेला उंचावून त्यानं ते सर्वांना सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला दोघी बायका शेजारी बसल्या होत्या. चित्स्केनं बाही वर करून दंडावरचा काळानिळा डाग दाखवला. "हे बघ. कालचं."

बाउक्येनं गुडघा दाखवला. "हे पण कालचं. आणि हे हिरवं झालंय ते जुलैमधलं."

"माझं जुलैमधलं दाखवण्यासारख्या जागी नाही," चित्स्के म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की पलीकडच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. हसू ओसरल्यावर बाउक्येनं चाकूनं पावाला लोणी लावता लावता नवऱ्याला सांगितलं, "हिल्के, आज मी चित्स्केबरोबर जाणार. लोल्केच्या बोटीतून. लोल्के तुझ्याबरोबर येईल."

"माझी बोट?" लोल्केच्या घशात अंडं अडकलं.

"शेगडी तुमची चांगली आहे," बाउक्ये म्हणाली. "दुसरं काही नाही."

नाही म्हणायची दोघांचीही छाती झाली नाही, कारण बायकांना बोट चालवता येणार नाही असं पंचवीस जणांसमोर म्हणायला लागलं असतं, आणि त्यातल्या तेरा बायका होत्या.

सकाळी वारा साधारण होता, पण अंदाज वाढण्याचा होता. बाउक्येनं धक्क्याला बांधलेल्या बोटीतच, कप बाजूला ठेवून, शिडाला दोन घड्या घातल्या. लोल्के कमरेवर हात ठेवून बघत होता. आपल्या बोटीची अब्रू चव्हाट्यावर चालली असा त्याचा चेहरा.

"अगं, वारा कुठाय?"

"यायचाय."

"मग आल्यावर घाल की!"

"आल्यावर हात मोकळे कुणाचे असतात? मी मास्तरांच्या वर्गात बसले होते. तू बाहेर सिगारेट ओढत होतास."

पुरुष आधी निघाले. आता पुढचं मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे. मास्तरांच्या सांगण्यात लोल्के मूर्ख आहे, लोल्केच्या सांगण्यात मास्तर. दोन्ही खरं धरलं की हकिगत नीट जुळते.

परतीला वारा पाठीवर होता, आणि पाठीवरचा वारा लबाड. बोट त्याच्याबरोबरच पळत असते, म्हणून तो अंगाला लागत नाही. ऊन उबदार वाटतं, बोट सरळ चालते, माणूस कोट काढून ठेवतो. वारा वाढत जातो आणि कळत नाही. कळायचं असेल तर मागे वळून पाण्याकडे बघावं लागतं. मागे वळून बघायचं नाही, हे दोघांनी न बोलता ठरवलं होतं.

थोड्या वेळानं सुकाणू मास्तरांच्या हाताला हिसके देऊ लागलं. लाट बोटीचं ढुंगण उचलायची, डावीकडे फेकायची, उजवीकडे फेकायची.

"वारा जरा वाढल्यासारखा वाटतोय का रे तुला?" लोल्केनं विचारलं.

"का? तुला वाटतोय?"

"मी तुला विचारलं."

"मला काही नाही वाटत. तुला वाटत असेल तर सांग."

"मला काय वाटायचंय? बोट तुझी."

"बोट माझी, पण पाहुणा तू. पाहुण्याला त्रास होत असेल तर घालतो बापडा घडी."

"त्रास? अरे, मी आत्ता डुलकी काढणार होतो."

"काढ ना मग."

लोल्केनं डोळे मिटले. तो सांगतो की मिटलेल्या डोळ्यांनी त्याला आपल्या सगळ्या गाई एकामागून एक दिसल्या. मग त्यानं एक डोळा उघडून विचारलं, "दांडा निदान दोरानं बांधून ठेवायचा का? चुकून वारा पलीकडून आला तर फिरायचा एकदम."

"बांध की," मास्तर म्हणाले. "भीती वाटत असेल तर बांध."

दांडा मोकळाच राहिला.

मग लोल्केला भूक लागली. भूक लागली नव्हती, हातांना काहीतरी काम हवं होतं, हे त्यानंच नंतर कबूल केलं. सुक्या सॉसेजचा तुकडा पायाशी पडला, तो उचलायला तो वाकला. त्याच वेळी एका लाटेनं बोट आडवी फिरवली, वारा शिडाच्या मागच्या बाजूनं शिरला आणि तो दांडा एका कडेवरून दुसऱ्या कडेला कुऱ्हाडीसारखा गेला. लोल्केचं डोकं नेहमीच्या जागी असतं तर आज ते कुठल्याच जागी नसतं. जगात पहिल्यांदाच एखाद्याला सॉसेजनं वाचवलं. दांड्याचा डोलकाठीजवळचा सांधा तुटला, शीड खालून वरपर्यंत टर्रकन फाटलं, आणि बोट अशी काही कुशीवर झोपली की मास्तर सुकाणू सोडून कठड्याला मिठी मारून बसले.

बोट पुन्हा उभी राहिली, पण तिच्यात आता पुढे जायला काही उरलं नव्हतं. मास्तरांनी इंजिन सुरू केलं. पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर बोटीखालच्या पंख्यात गुंडाळला गेला आणि इंजिन एक उचकी देऊन बंद पडलं. वारा त्यांना सरळ आमच्याच किनाऱ्याच्या उथळ दगडी बांधाकडे ढकलत होता. दोघांनी मिळून नांगर टाकला. तेवढं मात्र वाद न घालता केलं.

"मदत बोलवावी लागेल," लोल्के म्हणाला.

"मग बोलव."

"बोट तुझी. तू बोलव."

"मला अजून तशी गरज वाटत नाही. तुला वाटत असेल..."

नांगर घसरत होता. आणि हे दोघे बिनतारी यंत्राकडे बघत होते, जणू त्यात साप आहे.

माझ्या खोलीतलं यंत्र चालू असतं. त्यातून एकदम बाउक्येचा आवाज आला. मागून येताना तिला दुर्बिणीतून 'फोआरूत'चं फाटकं शीड दिसलं होतं. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात तिनं बचावकेंद्राला जागा सांगितली, बोटीचं नाव सांगितलं.

"बोटीवर किती जण?" केंद्रानं विचारलं.

"दोन. सत्तरीला आलेले पुरुष."

"जखमी?"

"दिसत तरी नाहीत."

"कप्तान कोण?"

"ते त्यांचं अजून ठरायचंय."

हे ऐकू आलं ते एकट्या मला नव्हे. त्या दिवशी सरोवरावर जितकी यंत्रं चालू होती तितक्यांनी ते ऐकलं. 'फोआरूत'वरच्यानंसुद्धा.

दोघी जवळून गेल्या. दोन घड्यांचं छोटंसं शीड, बोट ताठ, बदकासारखी. बाउक्येनं हाक दिली, "हिल्के! हातपाय ठीक?"

"ठीक!"

"नांगर धरतोय?"

मास्तरांनी वळून बांधाकडे बघितलं.

"दोर आणखी सोड! दोघांनी धरा!" ती ओरडली, आणि बचावाची बोट येताना दिसेपर्यंत तिनं तिथेच फेऱ्या मारल्या. चित्स्के म्हणते, त्या सगळ्या वेळात बाउक्येचा पाय फळीवर दाबलेला होता.

बचावाच्या बोटीवर नाइन्के होती. एरवी तिचा मासे तळायचा गाडा आहे. गाडीच्या परीक्षेला मास्तरांनी तिला तीनदा मागे ठेवलं होतं. ती त्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, "मास्तर, जाकिटाचा पट्टा बांधा. बांधल्याशिवाय मी निघत नाही."

मास्तरांनी मुकाट्यानं बांधला.

त्यांना ओढून आणलं तेव्हा धक्क्यावर सगळा क्लब उभा होता. कुणी हसलं नाही. आमच्याकडे अशा वेळी हसत नाहीत, सूप देतात आणि वर्षभर हसतात. वाटाण्याच्या घट्ट सुपाचे वाडगे दोघांच्या हातात आले आणि मास्तरांनी पहिल्या चमच्यालाच सुरुवात केली, "झोत आला. एकदम, कुठूनसा. कुणालाही सांगता आला नसता." लोल्केनं जोरात मान डोलावली. इतक्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सहलीतल्या उरलेल्या बोटींना हा झोत कुठेच भेटला नाही. मास्तरांच्या मते तो अरुंद होता.

हिवाळ्यात क्लबानं वर्ग बाउक्येकडे दिला. मास्तर पहिल्या रांगेत बसायचे आणि तिच्या फळ्यावरच्या बोटीचा आकार चुकलाय असं सांगायचे. ती म्हणायची, "हिल्के, हात वर करून बोल."

वसंतात त्यांनी नवं शीड बसवायला घेतलं, तेव्हा मी मदतीला गेलो. शीड वर ओढलं तर ते डोलकाठीच्या टोकापर्यंत पोचेचना. चांगलं दोन हात आखूड. मला वाटलं शिवणाऱ्यानं माप चुकवलं. मग पाहिलं तर घडी बांधायचे दोरही नाहीत, दोरांची भोकंही नाहीत.

"मास्तर, घडी कशी घालायची याला?"

"घालायचीच नाही. मी घडी घालत नाही, तुला माहीत आहे."

म्हणजे गृहस्थानं जन्मभराची घडी शिंप्याकडूनच घालून घेतली होती. सुंभ जळला, आणि उरलेला पीळ त्यांनी मापात शिवून घेतला.

माझ्या तोंडावर हसू आलं असावं. मास्तर दोर गुंडाळत खाली बसले. मी विचारलं, "त्या दिवशी भीती वाटली होती?"

"मेडेमब्लिकच्या बंदराचं तोंड सोडल्यापासून."

"आणि बाउक्ये बरोबर असती तर?"

"तर नसती वाटली." त्यांनी दोराची गाठ घट्ट केली. "ती असली की भीतीचं काम तीच करते. मला कधी करावं लागलं नाही. त्या दिवशी कळलं, किती कष्टाचं काम आहे."

"हे तिला सांगितलंत?"

"तुला वेड लागलंय का?"

बाउक्ये आता 'फोआरूत'वर पाय ठेवत नाही. ती आणि चित्स्के लोल्केची बोट घेऊन जातात, परवा तर पार टेक्सेल बेटाला जाऊन आल्या. लोल्के धक्क्यावर उभा राहून त्यांचे दोर सोडतो आणि मग नाइलाजानं मास्तरांच्या बोटीत जाऊन बसतो.

गेल्या रविवारी वारा जेमतेम होता. इतर बोटी शिडं पसरून केव्हाच दिसेनाशा झाल्या. 'फोआरूत' त्या आखूड शिडानिशी बंदराच्या तोंडाशी हलेना. इंजिन चालू करायला दोघेही तयार नव्हते, ते मला इथपर्यंत ऐकू येत होतं.

"तुला घाई असेल तर कर चालू."

"मला कसली घाई? तुलाच असेल."

शेजारच्या बांधावर मेंढ्या चरत होत्या. चरता चरताच त्या बोटीच्या पुढे निघून गेल्या.